मुलींच्या मासिकात पिस्तूल: ‘बनाना फिश’ आणि बायकांसाठीच्या गुन्हेगारी मांगाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलेत की आता एकदाच लिहून ठेवते. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांनी नुकतंच ‘बनाना फिश’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, संपवलंय आणि ज्यांना रात्री दीड वाजता कुणाशी तरी बोलायचंय. दुसरे, ज्यांच्या घरात पहिल्या प्रकारचं कुणीतरी आहे. शेवट कुठेही फोडलेला नाही. मधल्या काही घटना मात्र आल्यात, त्याशिवाय बोलताच येत नाही. आणि हो, बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा उल्लेख वारंवार येईल. तो वाचायची आज तयारी नसेल तर हे पान राहू द्या.

बायकांसाठीचा गुन्हेगारी मांगा म्हणजे काय? गुलाबी मुखपृष्ठाचा खून?

नाही हो. जपानमध्ये मांगाची जातकुळी गोष्टीवरून ठरत नाही, ती कुठल्या मासिकात छापून आली यावरून ठरते. मुलींच्या मासिकात आली तर शोजो, मोठ्या बायकांच्या मासिकात आली तर जोसेई. मुलग्यांच्या मासिकातली शोनेन आणि बाप्यांच्या मासिकातली सेइनेन. अकिमी योशिदा यांची ‘बनाना फिश’ १९८५ ते १९९४ या काळात ‘बेस्सात्सु शोजो कॉमिक’ या शोगाकुकान प्रकाशनाच्या मासिकात क्रमशः आली. मासिकाच्या नावातच ‘शोजो’, म्हणजे मुलगी. आजूबाजूच्या पानांवर शाळेतली प्रेमप्रकरणं आणि मध्ये ही गोष्ट: माफिया, अमली पदार्थ, व्हिएतनाम, टोळीयुद्ध. पुस्तकरूपात १९ खंड झाले.

उलटही होतं. ‘याकुझा फियान्से’ या नावाने इंग्रजीत आलेली मांगा बायका आवडीने वाचतात, काढलीय बाईनेच, पण छापून आली ‘आफ्टरनून’ या सेइनेन मासिकात. म्हणजे कागदोपत्री ती पुरुषांची. त्यामुळे या लेबलांचा उपयोग दुकानातलं कपाट शोधण्यापुरताच.

‘बनाना फिश’ची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

१९८५चं न्यूयॉर्क. ॲश लिंक्स हा १७ वर्षांचा पोरगा रस्त्यावरच्या एका टोळीचा म्होरक्या आहे. त्याचा थोरला भाऊ ग्रिफिन व्हिएतनाममध्ये सैनिक होता. १९७३ साली एके दिवशी त्याने अचानक आपल्याच सोबत्यांवर गोळ्या झाडल्या आणि तेव्हापासून तो भानावर नाही. तोंडातून फक्त दोन शब्द निघतात: बनाना फिश. बारा वर्षांनी न्यूयॉर्कच्या गल्लीत गोळी लागून मरणारा एक माणूस ॲशच्या हातात एक छोटी कुपी देतो आणि तेच दोन शब्द म्हणतो.

इथून धागा जातो तो डिनो गोल्झीन या कॉर्सिकन माफिया सरदाराकडे. यानेच ॲशला लहानपणापासून ‘वाढवलंय’. हा शब्द अवतरणात का, ते पुढे. दरम्यान जपानहून एइजी ओकुमुरा नावाचा १९ वर्षांचा मुलगा एका छायाचित्रकाराचा मदतनीस म्हणून टोळ्यांवरच्या लेखासाठी येतो. पूर्वी तो बांबूउडीचा खेळाडू होता, आता सोडलंय. ॲशपेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण तिथल्या लोकांना शाळकरी पोर वाटतो.

नाव आलंय सॅलिंजर या अमेरिकन लेखकाच्या १९४८ सालच्या एका लघुकथेवरून. ती वाचलेली नसली तरी काही अडत नाही.

इतकं भयाण मुली का वाचतात?

हा प्रश्न विचारणाऱ्याने एक गोष्ट आधीच धरून ठेवलेली असते: बायकांना गोडच हवं असतं. माझी मावशी रात्री दहाला मेथी निवडता निवडता टीव्हीवर खुनाच्या मालिका बघते, आणि ‘हा नवराच असणार’ हे तिला पहिल्या जाहिरातीच्या आत कळलेलं असतं. तिला कुणी कधी विचारलं नाही की बाई, हे तुम्ही का बघता.

मला मात्र विचारतात, आणि मी बरीच वर्षं उत्तर टाळलं. आता मला असं वाटतं की धोका हा बायकांच्या रोजच्या हिशेबातला विषय आहे. कुठल्या गल्लीतून जायचं, कुठल्या सरांच्या शिकवणीला एकटीने थांबायचं नाही, कुठल्या काकांच्या शेजारी लग्नाच्या पंगतीत बसायचं नाही, हे शाळेत कुणी शिकवत नाही आणि तरी प्रत्येकीला ते माहीत असतं. गोड गोष्टींमध्ये या ज्ञानाला जागाच नसते. ‘बनाना फिश’मध्ये ते गोष्टीच्या मध्यभागी ठेवलंय.

ॲशचंच घ्या. केप कॉडजवळच्या गावात तो लहान असताना मुलांना बेसबॉल शिकवणाऱ्या माणसाने त्याच्यावर अत्याचार केला. ऐकायला भयंकर आहे, पण वाचताना पोटात गोळा येतो तो पुढच्या भागाने. पोलिस मनावर घेत नाहीत. बाप सांगतो की पुन्हा झालं तर विरोध करू नकोस, पैसे माग. बाप राक्षस नाही, हरलेला माणूस आहे, आणि म्हणून ते वाक्य जास्त लागतं. पुढे न्यूयॉर्कला गोल्झीनच्या तावडीत तो सापडतो. वरून माशांचं रेस्टॉरंट आणि आतून मुलांचा बाजार. गिऱ्हाईक कोण, तर राजकारणी, अधिकारी, प्रतिष्ठित मंडळी. म्हणजे गुन्हेगार पकडायचे ते याच रांगेत बसलेले.

पिस्तूल कुठल्या मुलीच्या ओळखीचं नसतं. ‘सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही’ हे मात्र फार मुलींच्या ओळखीचं असतं. माझ्या मते या मांगाची पकड तिथे आहे. रहस्य काय, खुनी कोण, हे पहिल्या काही खंडांत बऱ्यापैकी उघड होतं. उरलेली गोष्ट चालते ती हे ओझं घेऊन माणूस जगतो कसा यावर.

मग नायक मुलगा का? मुलीची गोष्ट मुलीचीच का नाही सांगायची?

याला इतिहास आहे. १९७०च्या दशकात जपानमध्ये शोजो मांगा तरुण लेखिकांच्या हातात आली. त्यातल्या बऱ्याच जणींचा जन्म जपानी कालगणनेतल्या शोवा २४, म्हणजे १९४९च्या आसपासचा, म्हणून त्यांना ‘२४ सालचा गट’ म्हणतात. मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया ही त्यातली मोठी नावं. हागिओबाईंनी मुलांच्या वसतिगृहातली एक कथा आधी मुलींची शाळा घेऊन आखून पाहिली होती. ती काही जमेना. मुलगे घेतल्यावर जमली. ताकेमियाबाईंना तर ‘काझे तो कि नो उता’ ही दोन मुलांची, त्यातल्या अत्याचारांची कथा छापायला संपादकांना राजी करण्यात वर्षं गेली. अखेर १९७६ साली ती सुरू झाली, तीही शोगाकुकानच्याच मुलींच्या साप्ताहिकात. योशिदाबाई १९७७ साली या क्षेत्रात आल्या तेव्हा हे दार आधीच उघडलेलं होतं.

पण दार उघडं असलं तरी त्यातून जायचं का? माझं उत्तर असं. पानावर मुलीवर हात टाकला की वाचणारी मुलगी नुसती वाचक राहत नाही. ती अंग चोरते, पुस्तक मिटते. कारण तो हात तिच्यापर्यंत येतो. तीच गोष्ट एका सोनेरी केसांच्या अमेरिकन पोराची झाली की मध्ये एक काच येते. काचेतून ती नीट बघू शकते: भीती, चीड, शरीराबद्दलची शिसारी, ‘मी असा दिसतो म्हणूनच हे झालं’ हा विचार. ॲशला आपल्या सुंदर चेहऱ्याचा राग येतो. हे वाक्य मुलीच्या तोंडी घातलं असतं तर आजूबाजूचे लगेच म्हणाले असते, काय नखरे.

दुसरं, ॲश नुसता बळी नाही. तो पानावरचा सगळ्यात हुशार, सगळ्यात अचूक नेमबाज माणूस आहे. त्याला शस्त्र आणि शिक्षण देणारा माणूसच त्याचा मालक, हे त्याचं दुखणं. पण वाचणाऱ्या मुलीला एकाच देहात दोन्ही मिळतं: माझ्यासारखा घाबरलेला आणि माझ्यासारखा अजिबात नसलेला. असा पुरुष नायक पुरुषांसाठीच्या गुन्हेगारी चित्रकथेत मला क्वचितच दिसला. तिथला नायक मार खातो, पण त्याला कुणी विकत घेत नाही.

हे सगळ्यांना पटत नाही. माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं, काच वगैरे काही नाही, मुलं देखणी काढलीत म्हणून आपण वाचतो. तिचंही खोटं नाही.

पुरुषांसाठीच्या गुन्हेगारी मांगापेक्षा यात वेगळं काय? गोळ्या तर तिथेही आणि इथेही.

एक प्रसंग सांगते. पहिल्याच भागात, बारमध्ये. एइजी आणि त्याचा बॉस इबे मुलाखतीला आलेत. भोवती टोळीची पोरं. दोन परकी माणसं, तुटकं इंग्रजी. एइजीची नजर ॲशच्या पिस्तुलावर जाते आणि तो विचारतो, हे खरं आहे का? हातात घेऊन बघू?

भोवतालची पोरं स्तब्ध होतात. ॲशच्या शस्त्राला हात लावायचा नसतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. एइजीला माहीत नाही. त्याच्या विचारण्यात धाडस नाही, लाडीगोडी नाही, लहान मुलाने पोलिसकाकांना विचारावं तसं आहे. ॲश क्षणभर बघतो आणि पिस्तूल त्याच्या हातात ठेवतो.

एवढंच. गोळी सुटत नाही. पण १९ खंडांचं नातं या एका देवघेवीवर उभं आहे. आजवर जो कुणी ॲशच्या जवळ आला त्याला काहीतरी हवं होतं. या मुलाला फक्त बघायचं होतं, आणि त्याने आधी परवानगी मागितली. परवानगी! ॲशच्या आयुष्यात ती कुणी मागितलेली नाही. योशिदाबाई हे कुठेही बोलून दाखवत नाहीत. मी तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं आणि मी पुस्तक बाजूला ठेवून चहा टाकायला उठले.

थोड्या पुढे याचीच जोडी आहे. ॲशसोबत एइजी आणि स्किप नावाचा लहानगा अडकलेत. उंच भिंत, सुटकेची वाट नाही. एइजी एक जुना पाइप उचलतो, धावत येतो आणि भिंतीवरून उडी घेतो. खेळ सोडलेला मुलगा पुन्हा हवेत. ॲश खालून बघत राहतो. साहसकथेत हा नायकाचा क्षण असता. इथे ज्याला पिस्तूल चालवता येत नाही तो उडतो, आणि ज्याला सगळं येतं तो जमिनीवर उभा राहून बघतो.

हिंसेचा हिशेबही वेगळा आहे. इथे मेलेला माणूस पुढच्या भागात विसरला जात नाही. शॉर्टर वाँग हा ॲशचा जिवलग दोस्त, चायनाटाउनमधल्या टोळीचा म्होरक्या. त्याचं जे होतं त्याची सावली शेवटपर्यंत हलत नाही, त्याच्या माणसांच्या मनातूनही नाही. खलनायकाच्या बाजूलाही यूत-लुंग ली हा पोरगा आहे: देखणा, विषारी, लहानपणी घरातच सगळं गमावलेला. जखम जवळपास ॲशसारखीच. त्याच्याकडे एइजी नाही, एवढाच फरक, आणि त्याला तो फरक कळतो. त्याचा एइजीवरचा राग समजायला मला उशीर लागला.

सतत रडारडच आहे का?

नाही. मधे एइजी आणि ॲश एका घरात लपून राहतात तो भाग तर चक्क संसाराचा आहे. एइजी जपानी पदार्थ करून घालतो. आंबवलेल्या सोयाबीनचा चिकट, वासाचा नात्तो बघून शहरातला सगळ्यात धोकादायक पोरगा तोंड वाकडं करतो. सकाळी त्याला उठवणं हे टोळीयुद्धापेक्षा अवघड. हॅलोविनच्या भोपळ्याला तो घाबरतो हे एइजीला कळतं आणि मग त्याची जी टिंगल होते! ही पानं भरती म्हणून टाकलेली नाहीत. काय गमवायचं आहे हे वाचकाला आधी दाखवून ठेवायचं असतं, हे योशिदाबाईंना चांगलं ठाऊक आहे. दुष्ट आहेत त्या.

हे बीएल आहे का?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. दोन पुरुषांच्या प्रेमकथांचा (‘बॉइज लव्ह’, म्हणजेच बीएल), बायकांनी बायकांसाठी चालवलेला वेगळा बाजार जपानमध्ये आहे आणि ‘बनाना फिश’ त्या बाजारात आलेली नाही. संपूर्ण कथेत ॲश-एइजीचं एक चुंबन आहे, तेही तुरुंगातल्या भेटीत, पहारेकऱ्यांच्या नजरेआडून चिठ्ठीची कुपी पोहोचवण्यासाठी. पण त्यांचं एकमेकांवर प्रेम नाही असं म्हणणाऱ्याने ती वाचलेलीच नाही. ज्या मुलाच्या शरीराशी सगळ्यांनी व्यवहार केला त्याला कुणीतरी व्यवहाराशिवाय जवळ करतं, आणि म्हणून लेखिकेने शरीर बाजूला ठेवलं, असं मी वाचते. कुणी त्याला १९८५ सालची भीड म्हणतं. दोन्ही असू शकेल.

चित्रं कशी आहेत? शोजो म्हटलं की फुलं आणि ताऱ्यांचे डोळे आठवतात.

फुलं विसरा. चौकटी सरळ, पार्श्वभूमी मोकळी, रेषा कोरडी. सुरुवातीच्या खंडांत माणसं जाडजूड, चौकोनी हनुवटीची आहेत, ॲशसुद्धा चांगला रांगडा दिसतो. नऊ वर्षांत रेषा बारीक होत गेली आणि ॲश लांबट, देखणा होत गेला. पहिला आणि पंधरावा खंड शेजारी ठेवला तर दोन वेगळे भाऊ वाटतील. पहिल्या खंडाच्या चित्रांनी बिचकून सोडून देणारे खूप. दोन खंड धीर धरा.

जपानी बाईने न्यूयॉर्कच का निवडलं?

तेव्हाचं न्यूयॉर्क म्हणजे गुन्ह्याची राजधानीच. माफियाच्या म्होरक्यांवरचे मोठे खटले १९८५-८६ मध्येच गाजले. क्रॅक कोकेनची लाट त्याच सुमारास आली. १९९० साली त्या शहरात २,२०० हून जास्त खून झाले. शिवाय सीआयएने माणसांवर नकळत औषधांचे प्रयोग केले होते, हे १९७५च्या अमेरिकी संसदीय चौकशीत बाहेर आलेलं होतं. म्हणजे सैनिकांवर वापरलेलं, माणसाला बाहुलं बनवणारं औषध ही कल्पना तेव्हाच्या वाचकाला अगदीच हवेतली वाटली नसणार.

आणि दूरच्या शहरात घाण दाखवणं सोपं असतं. हेच तोक्योत घडवलं असतं तर मुलींच्या मासिकाने छापलं असतं का, मला शंका आहे.

ॲनिमे पाहिलं तर चालेल? मांगा वाचायलाच हवी का?

ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका, उत्तम आहे. २०१८ साली मापा स्टुडिओने काढलं, दिग्दर्शन हिरोको उत्सुमी यांचं, २४ भाग. भागांना सॅलिंजर, हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड वगैरेंच्या कृतींची नावं दिलीत. काळ आजचा केला: व्हिएतनामऐवजी इराक, हातात मोबाइल. इराक बसतं, मोबाइल मला टोचतो. ज्या कथेत सगळी तारांबळ एकमेकांपर्यंत निरोप कसा पोहोचवायचा याची आहे, तिथे खिशात फोन आला की गाठ सैल पडते.

१९ खंड २४ भागांत कोंबल्यामुळे नात्तो आणि भोपळ्याची पानं आक्रसली. आधी ॲनिमे बघा, मग ती पानं शोधायला मांगाकडे जा. बहुतेकांचा प्रवास असाच होतो.

यात खटकण्यासारखं काहीच नाही?

आहे ना, भरपूर. सगळ्यात मोठं म्हणजे कथेतले पुरुषांकडे आकर्षित होणारे बहुतेक पुरुष हे लांडगे आहेत. प्रेमळ नातं आहे ते ‘तसलं’ नसल्याचं सांगत राहायचं आणि ‘तसले’ सगळे अत्याचारी, यातून काय चित्र उभं राहतं हे उघड आहे. कृष्णवर्णीय आणि चिनी पात्रं बऱ्याचदा ॲशच्या दुःखाची किंमत मोजायला आणलेली वाटतात. स्किपच्या बाबतीत मला अजूनही राग येतो. आणि बायका? मॅक्स या पत्रकाराची माजी बायको जेसिका धमाल आहे, तडफदार आहे, पण तिच्या वाट्यालाही शेवटी तोच अत्याचार येतो. बायकांसाठीच्या गोष्टीत बाईला जागा नाही, हा आरोप मी खोडणार नाही. वर काचेबद्दल जे बोलले त्याची ही दुसरी बाजू: काचेपलीकडे मुलगे, आणि मुलींची सोय फक्त काचेअलीकडे.

याच वाटेवरचं आणखी काय वाचू?

मोतो हागिओ यांची ‘अ क्रूएल गॉड रेन्स’ (१९९२ ते २००१, १७ खंड). सावत्र बापाचा अत्याचार सहन करणारा जेरेमी त्याचा काटा काढायचं ठरवतो. गाडीत बिघाड करतो आणि त्या गाडीत आईही बसते. ही झाली सुरुवात. पुढे सगळं ‘नंतर’चं: अपराध, पुरावा, आणि आईला माहीत होतं का हा प्रश्न. १९९७ साली तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी हिला उत्कृष्टतेचं पारितोषिक मिळालं. ‘बनाना फिश’ जिथे गोळी झाडून मोकळी होते तिथे ही मोकळं होऊ देत नाही. सलग वाचू नका.

रेइको शिमिझु यांची ‘हिमित्सु – टॉप सीक्रेट’, १९९९पासून ‘मेलडी’ मासिकात. भविष्यातल्या जपानमध्ये मेलेल्या माणसाचा मेंदू वाचून त्याने काय पाहिलं ते पडद्यावर बघता येतं. पोलिस खुनाचा छडा लावतात, पण त्यासाठी मृताची लाज, त्याचं चोरटं प्रेम, त्याचे भ्रम सगळं बघावं लागतं. बघणाऱ्यांची डोकी फिरतात. चित्रं इतकी नाजूक की कापलेला मेंदूही सुंदर दिसतो, आणि तेच भीतिदायक.

क्योको ओकाझाकी यांची ‘हेल्टर स्केल्टर’. एकच खंड, जोसेई मासिक ‘फील यंग’, १९९५-९६. अंगाचा इंच न् इंच शस्त्रक्रियेने घडवलेली मॉडेल रिरिको, तिचं शरीर सडायला लागतं, आणि बेकायदा दवाखान्याच्या मागावर एक सरकारी वकील. इथे मात्र मध्ये काच नाही, बाईच आहे आणि ती बळीही आहे आणि खलनायिकाही. १९९६ साली लेखिकेला गाडीने धडक दिली आणि तिचं काम तिथेच थांबलं. पुस्तक २००३ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला तेझुका पुरस्कार मिळाला.

काही हलकं हवं असेल तर युमी तामुरा यांची ‘डोन्ट कॉल इट मिस्टरी’. झुपकेदार कुरळ्या केसांचा कॉलेजकुमार तोतोनो याला खुनाच्या संशयावरून पोलिस ठाण्यात बसवतात आणि हा बोलून बोलून पोलिसांचीच उलटतपासणी घेतो. एका पोलिसाला तो समजावतो की कचरा टाकणं म्हणजे बायकोने बांधून ठेवलेली पिशवी बाहेर नेणं नव्हे, घरभरचा कचरा गोळा करण्यापासून ते काम सुरू होतं. हे पान मी घरात फ्रिजवर लावलं होतं. उपयोग झाला नाही.

मराठीत असं काही आहे का?

रहस्यकथेची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाच्या कथा आमच्या आजीनेही वाचल्या होत्या. वाचनालयातून आजोबांच्या नावावर आणायच्या, वाचायची मात्र ती. त्या सगळ्यांसाठी होत्या. बायकांना समोर ठेवून, बायकांच्या मासिकात, वर्षानुवर्षं क्रमशः चालणारी गुन्हेगारी चित्रकथा मात्र माझ्या पाहण्यात नाही. मला तर हे सगळं इंग्रजी अनुवादातूनच वाचावं लागलं.

माझी चौदा वर्षांची मुलगी हे वाचतेय. काढून घेऊ?

काढून घेतलंत तर ती फोनवर वाचेल, तेही पायरसीच्या साइटवर, जिथल्या जाहिराती मांगापेक्षा वाईट असतात. चौदा हे वय मला लवकर वाटतं, सोळा-सतरा बरं. पण घेतलंच असेल तर तुम्हीही वाचा आणि ‘आवडलं का’ असं न विचारता ‘बापाचं ते वाक्य वाचलंस का’ असं विचारा. बोलणं कदाचित वेगळ्याच ठिकाणी जाईल. जाऊ द्या.

सुरुवात कुठून करू? वाचायचं कसं?

इंग्रजी अनुवाद विझ मीडियाचा, १९ खंड. उजवीकडून डावीकडे वाचायचं, पानंही आणि चौकटीही. दहा पानांत सवय होते. एक अनुभवाचा सल्ला: सगळे खंड हातात आल्याशिवाय सुरू करू नका. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले तेव्हा सहाव्याच्या आधी सातवा आला, आणि चार दिवस पाकीट उघडायचं नाही म्हणून मी तो कपाटात साड्यांखाली ठेवला होता.

योशिदा यांनी पुढे असंच लिहिलं का?

‘याशा’मध्ये गुन्हा, विज्ञान आणि कट आहेत, तिला शोगाकुकान पुरस्कार मिळाला. मग २००६ ते २०१८ त्यांनी ‘उमिमाची डायरी’ केली: कामाकुरात राहणाऱ्या बहिणी, घरातलं आलुबुखाराचं झाड, सावत्र धाकटीला आपल्यात घेणं. हिरोकाझू कोरेएदा यांनी २०१५ साली त्यावर सिनेमा काढला. एकही गोळी नाही. पण त्याही मुली टाकून गेलेल्या आईबापांचा हिशेब मांडत असतात, आणि वाचताना मला सारखा केप कॉडचा तो पोरगा आठवत राहिला.

शेवटी ॲश वाचतो का? नुसतं हो की नाही सांगा.

नाही सांगणार. एकोणिसावा खंड सुट्टीच्या दिवशी, दुपारी उघडा. रात्री नको, आणि लोकलमध्ये तर अजिबात नको. मी ठाण्याला उतरायचं ते कल्याणला उतरले.